औरंगाबादला गेलेली आजी

हैदराबाद राज्य मोडलं आणि माझ्या लेकाची कचेरीतली नोकरी तिकडं, औरंगाबादला गेली. मलकपेठेतल्या आमच्या गल्लीत मराठी कारकुनांची घरं एकेक करून सामान बांधत होती. त्यातच तापाची साथ आली. शाळा उघडल्या नाहीत तोच बंद झाल्या. माझी बायको त्या साथीत गेली.

नात सात वर्षांची. तिला शेजारच्या खालांकडं, मुसलमान मावशींकडं, ठेवलं होतं. परत आणल्यावर सुनेनं सांगितलं, आजी औरंगाबादला गेली. गल्लीतला जो तो तिकडंच जात होता, पोरीनं ऐकून घेतलं. तिच्यासमोर कुणी रडायचं नाही, असं ठरलं. मी बेगम बाजारात मिरच्या तोलणारा माणूस, शाळा दुसरीपर्यंत. सून शिकलेली, तिच्यापुढं काय बोलणार? बायको मेली आणि मी घरात तोंड मिटून बसलो.

पोरगी बिघडत चालली. येणारे पाढे अडायला लागले. ताटावर नुसती बसून राहायची. सून म्हणे, साथीचा ताप हिच्या डोक्यात शिरला.

मग लेकाला हजर व्हायचा हुकूम आला. त्या सकाळी टांगा दारात उभा, काचीगुड्याला गाडी गाठायची, आणि बूट सापडेनात. पोरगी त्याच्या ट्रंकेवर बसून होती.

"तू घेतलेस का गं?"

"बाबा, नक्को जाऊ."

"अगं, खोली बघून येतो परत."

"आजी कुठं आली?"

लेकाचा आवाज चढला. त्यानं हात उगारला तसा मी मधे शिरलो. "बाबानं का नाही जायचं? मला सांग."

"तिकडं बांधून नेतात," ती म्हणाली. "आजीला नवं हिरवं लुगडं नेसवून नेलं, खालांच्या खिडकीतून दिसलं. चौघांनी उचललं. आजी हललीसुद्धा नाही."

पोरीच्या डोक्याला काही झालं नव्हतं. आम्ही सांगितलं ते आणि डोळ्यांनी दिसलं ते, तिनं नीट जोडलं होतं.

मी म्हणालो, "आजी मेली. तापानं मेली. औरंगाबादला गेलीच नाही."

"मामंजी, अहो, लेकरू आहे," सून म्हणाली.

"लेकरानं सगळं बघितलंय. आता काय झाकता?"

पोरगी माझ्याकडं बघत होती. "मग नेलं कुठं?"

"नदीवर. तिथं जाळलं."

"दुखलं का?"

"मेल्यावर दुखत नाही."

"मग औरंगाबादला काय आहे?"

"तुझ्या बापाची कचेरी. गाडीत बसून जातात तिकडं, खिडकीपाशी."

टांगेवाला हाका मारत होता. पोरगी उठली, कोळशाच्या पोत्यात हात घालून बूट काढले, बापापुढं ठेवले. आणि रडायला लागली, आजीला हाका मारत, गल्लीत ऐकू जाईल अशी. सून धावली. मी म्हटलं, रडू दे तिला. मग मीही त्या ट्रंकेवर बसलो आणि माझ्या बायकोसाठी माझ्याच घरात पहिल्यांदा रडलो. टांगेवाल्याच्या हाका थांबल्या.

ती गाडी चुकली. लेक संध्याकाळच्या गाडीनं निघाला. पोरगी स्टेशनवर आली, डब्यात चढली, खिडकीजवळचा बाक हातानं दाबून बघितला. बापाला तिथं बसवलं. मग उतरली.