सहा वर्षं टेम्पररी

घरी कुणी जेवायला आलं, की आमचे हे हळूच काडी टाकतात, "हिला फॅक्टरीचं विचारा!" झालं! मग वरण गार होईपर्यंत मी सुरूच. काय करणार, एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्यामागून चार येतात. ऐंशीच्या दशकात लंडनमध्ये एजवेअरजवळ गाड्यांचे रेडिओ बनवणाऱ्या कारखान्यात मी टेम्पररी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतर्फे लागले. दोन आठवड्यांसाठी. राहिले सहा वर्षं! शेजारच्या खुर्चीवर रिबेकाबाई. मूळच्या मुंबईच्या ज्यू, मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. माझ्याही आधीपासून तिथे, आणि त्याही एजन्सीच्याच.

*

ख्रिसमसचं जेवण फक्त परमनंट लोकांना. मात्र प्रत्येकाला नवरा किंवा बायको आणायची मुभा होती. युनियनची मॉरीन भलती वस्ताद! तिने परमनंट बायकांना पटवलं, "खरे नवरे घरी ठेवा, एजन्सीची एकेक बाई आणा." माझ्यापुढच्या कार्डावर चक्क लिहिलेलं, "मॉरीनचा नवरा"! घरी येऊन ते यांना दाखवलं.

हे म्हणाले, "मग आता मी कोणाचा?"

*

पुढे बाहेरच्या देशांतून स्वस्त रेडिओ यायला लागले आणि आमचे खपेनात. कारखाना बंद होणार म्हणून नोटीस लागली. त्याच शनिवारी रिबेकाबाईंनी बाजारातून तसला एक परदेशी रेडिओ विकत आणला!

मी चिडले. "अहो, याच्यामुळेच आपली नोकरी चाललीय ना?"

"म्हणूनच आणला. बघू तरी."

त्यांनी स्क्रू काढले, चष्मा पुसला आणि आतलं सोल्डरिंग एकेक करून तपासलं. मग म्हणाल्या, "तिकडच्या पोरींनी काम छान केलंय गं. हात चांगला आहे."

*

कॅन्टीनमध्ये मदतीचं टेबल लागलं. परदेशी मालामुळे नोकरी गेलेल्या कामगारांना कम्प्युटरचा कोर्स फुकट, शिवाय नवी नोकरी शोधून द्यायला माणूस. रिबेकाबाई पंचावन्नच्या, एकट्या. त्या कोर्सशिवाय त्यांना कोण दारात उभं करणार होतं? पण तोवर एजन्सीच्या आम्ही दोघीच उरलेल्या, आणि फॉर्मवर पहिलाच प्रश्न, तुमचा मालक कोण? कारखाना म्हणाला, एजन्सी. एजन्सीला फोन केला, तर तिथली ट्रेसी गोड आवाजात म्हणाली, "पण तुमची नोकरी कुठे गेलीय? सोमवारपासून तुमच्यासाठी जागा आहे की!"

कुठे? तर आमच्याच कारखान्यात, मशिनं खोक्यांत भरायला!

*

टेबलावरचे साहेब तसे भले होते. म्हणाले, "या बायका इथल्याच कामगार होत्या असं मॅनेजरने लिहून द्यावं, मी फॉर्म घेतो." मॅनेजर म्हणजे ग्रॅहम, चाळिशीही न गाठलेला. तो म्हणाला, "हेड ऑफिस नको म्हणतंय," आणि मान खाली घालून निघून गेला. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये रिबेकाबाई स्टॅनमोरपर्यंत तो फॉर्म पर्समधून काढत आणि परत ठेवत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी फॉर्म घ्यायची शेवटची तारीख. कॅन्टीनमध्ये जाऊन बघते तर परमनंट लोकांची ही भली मोठी रांग, पण फॉर्म कुणीच देईना! "आधी या दोघींचे," म्हणाले. त्यांचं स्वतःचं सगळं पक्कं होतं हो, आमच्यासाठी अडून बसायची काही गरज नव्हती. आजही आठवलं की डोळे भरून येतात. त्या माणसांचं देणं मी या जन्मी फेडू शकणार नाही.

साहेब घड्याळ बघायला लागले. ग्रॅहमला बोलावणं गेलं. तो येऊन दारापाशी उभा राहिला, टायशी चाळा करत.

मॉरीन खुर्चीवर चढली. "पहिल्या दिवशी ज्यांना या दोघींपैकी कुणी काम शिकवलं, त्यांनी हात वर करा!"

एक हात वर आला. मग तीन. मग निम्मी रांग! साहेब पेन हातात धरून मोजत बसले. आणि मोजता मोजता दाराकडे बघत राहिले. आम्हीही वळलो.

ग्रॅहमचा हात वर होता.

रिबेकाबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. "हात खाली घे, बाळा. सही कर."