एकटीचा शुक्रवार होत नाही

एकटं बसलेलं माणूस पाहून ज्यांच्या पोटात तुटतं, अशा लोकांची यादी उद्या कोणी करायला घेतली, तर पहिलं नाव माझ्या रूममेटचं येईल. मग दोन-चार क्रमांक रिकामे सोडून बाकीच्यांची नावं सुरू होतील. वर्ध्याला बी. फार्म.ची चार वर्षं आम्ही होस्टेलच्या एका खोलीत काढली. त्या चार वर्षांत बसस्टँडवर, मेसच्या रांगेत, झेरॉक्सच्या दुकानात, कुठेही कोणी गप्प उभं दिसलं की ही त्याच्याशी बोलायला लागायची. एकदा पिपरी मेघेच्या चौकात ऑटोची वाट पाहताना तिने एका अनोळखी आजींना गुडघ्याबद्दल विचारलं. ऑटो येईपर्यंत आजींचे दोन्ही गुडघे, तिन्ही सुना आणि व्हायचं राहिलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन सगळं आमच्या ओळखीचं झालं होतं. मी म्हटलं, "तुले काय करायचं होतं व त्यांच्या गुडघ्याचं?" ती म्हणाली, "मला काही नाही. पण त्यांना सांगायचं होतं ना."

ती मूळची रेवदंड्याजवळची, समुद्राकाठची. प्रवेशाच्या फॉर्मवर कॉलेजांचे पसंतीक्रम भरताना एक रकाना उरला म्हणून तिने वर्धा टाकलं होतं, आणि वर्धा पुण्यापासून तास-दीड तासावर असेल अशी तिची समजूत होती. गाडीत रात्र उलटून गेली, सकाळ झाली, तरी वर्धा येईना, तेव्हा तिने समोरच्या बाईंना विचारलं, "आपण अजून महाराष्ट्रातच आहोत ना?" हा किस्सा ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. दुसरा तिला कायम सांगावा लागणारा किस्सा म्हणजे तिचा धर्म. ती ज्यू होती. आमच्यापैकी कोणीच तोवर ज्यू माणूस पाहिलेला नव्हता. नाव ऐकून अर्ध्या मुलींना ती ख्रिश्चन वाटली, मराठी ऐकून उरलेल्या अर्ध्यांना कोकणातली बामणाची वाटली. ती न कंटाळता समजावून सांगायची की आम्ही बेने इस्रायली, हजारो वर्षांपूर्वी आमचं जहाज कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं, वाचले ते तिथेच राहिले, तेलाचे घाणे चालवायला लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. "म्हणजे तुम्ही तेली?" आमच्या मेसच्या मावशींनी एकदा विचारलं. "हो," ती म्हणाली, "पण सुट्टी आधी ठरवून मग धंदा काढलेले."

आल्या दिवशी तिने खोलीच्या चौकटीला डबल टेपने बोटभर लांबीची एक नळी चिकटवली. आत प्रार्थनेचा कागद होता. त्यांच्यात प्रत्येक घराच्या दाराला अशी नळी असते आणि जाता-येता तिला हात लावतात. आमच्या रेक्टर मॅडमना ती कॅमेरा वाटली. चौकशी झाली, खुलासा झाला, नळी राहिली. पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेपर्यंत मजल्यावरच्या सगळ्या मुली पेपरला निघताना आमच्या दारावरून मुद्दाम वळसा घेऊन नळीला हात लावून जायला लागल्या होत्या. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत नापास झालेल्या मुलीने येऊन तक्रार केली, तेव्हा रूममेटने तिला चहा पाजला आणि म्हणाली, "ती घर राखते गं. अभ्यासाचं तिच्याकडे नाही."

शनिवारी लिहायचं नाही हा त्यांचा नियम. आमच्या कॉलेजला शनिवारी नेमकी प्रॅक्टिकल. त्यावर तिने तिच्या आजोबांच्या सांगण्याचा आधार घेऊन तोड काढली होती. डाव्या हाताने लिहिलं तर ते अर्धंच लिहिणं धरतात, असं आजोबा म्हणायचे. त्यामुळे तिच्या जर्नलची चार पानं मोत्यांसारखी आणि पाचवं पान कोंबडी नाचून गेल्यासारखं. सर म्हणाले, "शनिवारी तुला काय होतं?" तिने खरं ते सांगितलं. सरांनी जर्नल पुन्हा चाळलं आणि म्हणाले, "डाव्या हाताचे तेवढे आकडे मात्र बरोबर आहेत."

पण हे सगळं नंतरचं. आधी माझं सांगायला हवं. मी हिंगणघाटची. वर्ध्यापासून हिंगणघाट बसने जेमतेम तासाभरावर, आणि तेवढ्या अंतरात माणसाला घराची एवढी आठवण येऊ शकते हे सांगायची मला लाज वाटायची. तिकडे समुद्राकाठून आलेली मुलगी हसत-खेळत राहते आणि मी वेणा नदीकाठची, रोज बाथरूमचा नळ सोडून रडते. दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी मी बॅग भरली. कॉलेज सोडायचं, गावातच बी. ए. करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. साडेसहाची बस होती. ही तेव्हा टेबलावर स्टीलच्या दोन मेणबत्तीदाण्या मांडत होती.

"काय करून राह्यली?" मी विचारलं.

"शब्बाथ लागतो आता, आमचा शनिवार आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. सूर्य बुडायच्या आत लावायच्या असतात. तू दहा मिनिटं बसतेस का?"

"मी कशाले? मले तर तुमचं काहीच येत नाई."

"तुला फक्त आमेन म्हणायचंय. मी आशीर्वाद म्हटला की समोरून कोणीतरी आमेन म्हणावं लागतं. मागच्या शुक्रवारी तू खोलीत नव्हतीस, मीच म्हटलं आणि मीच आमेन म्हटलं. फार वाईट वाटलं गं. एकटीचा शुक्रवार होत नाही."

ती हे अगदी सहज म्हणाली, आणि मला पहिल्यांदा कळलं की हसत-खेळत राहणारी ही मुलगीही माझ्याइतकीच लांब होती. मी बॅग खाली ठेवली. तिने मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात घेतले, हिब्रूत काहीतरी पुटपुटली. वाइनच्या ऐवजी त्यांच्यात काळ्या मनुका भिजवून, कुस्करून सरबत करतात. ते तिने मेसच्या स्टीलच्या पेल्यात ओतलं होतं. मेसचीच पोळी मिठाला लावून तिने माझ्या हातावर तुकडा ठेवला. मी दर थांब्याला आमेन म्हणत गेले, दोनदा चुकीच्या जागी. मग तिने घरी फोन लावला. "आई, आमच्याकडे शब्बाथ लागला. तुमचा सूर्य अजून वरच असेल ना? इकडे तो घाईत असतो." तिची आई हसताना मला ऐकू आली. माझी साडेसहाची बस गेली. पुढच्या बसचं मी विचारलंच नाही.

पुढच्या शुक्रवारी तिने समोरच्या खोलीतली मुलगी बोलावली. ती कारंज्याकडच्या गोंड कुटुंबातली. कॉलेज सुरू झाल्यापासून तिचा आवाज फारसा कोणी ऐकला नव्हता. घरी फोनवर गोंडी बोलायची, ते ऐकून कोणी हसलं होतं, तेव्हापासून ती जिन्यात जाऊन बोलायची. रूममेटने तिला सांगितलं, "मी हिब्रू म्हणते तेव्हा या सगळ्या बावळटासारख्या बघतात. तू गोंडी बोल, म्हणजे मी पण बावळटासारखी बघेन. फिटंफाट." ती मुलगी हसली, आणि त्या दिवसापासून तिच्या आईचा फोन आमच्या खोलीत यायला लागला. दिवाळीपर्यंत शुक्रवारी आमच्या दोन कॉटवर आठ जणी बसायला लागल्या. सरबत पुरेना म्हणून मनुकांत पाणी वाढत गेलं.

त्याच सुमारास मी तिला हिंगणघाटला घरी नेलं. आई म्हणाली, "पाव्हणी समुद्राची आहे, मासे करतो." बाबांनी बाजारातून हौसेने मांगूर आणला. आता त्यांच्यात खवले असलेलाच मासा चालतो हे सांगायचं मी विसरले होते. मांगूर पार गुळगुळीत. ती ओशाळून म्हणाली, "मावशी, मी वरण-भात खाईन ना." आईने मासा उलटा-पालटा करून पाहिला. "म्हंजे खवले नाईत म्हून हा नापास? अन् रोहू पास?" बाबा तसेच परत बाजारात गेले. आजही आई मासळीवालीपुढे उभी राहून आधी खवले बघते. काऊन बघते असं विचारलं तर म्हणते, "पोरगी कधी येईन त्याचा काय नेम."

मग जानेवारीत रेक्टर मॅडमना मेणबत्त्यांचं कळलं. मॅडम रागीट नव्हत्या, पण नियमाच्या पक्क्या. "खोलीत जाळ नाई म्हंजे नाई," त्या म्हणाल्या. "आज तुह्या मेणबत्त्या, उद्या कोणाची शेगडी. गाद्या पेटल्या तर मी कोणाकोणाच्या मायबापाले काय सांगू?" त्यांचं चूक नव्हतं. माझी रूममेट वाद घालायला गेली नाही. त्या शुक्रवारी तिने मेणबत्त्या लावल्याच नाहीत. आम्ही आठही जणी टेबलाभोवती बसलो, ती आशीर्वाद म्हणायला गेली आणि मध्येच थांबली. दारात मॅडम उभ्या होत्या. नियम पाळला जातो का ते बघायला आल्या असाव्यात. ही म्हणाली, "या ना मॅडम. मेणबत्त्या नाहीत, पण सरबत आहे." मॅडम बसल्या. सरबताचा एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे मी प्यायली आहे," त्या म्हणाल्या. "लहानपणी. पुलगावले आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमधी होतो. शेजारी एक गार्डसाहेब होते. त्यांच्या बायकोनं दिलतं. ते आता तिकडंच राह्यतात, नाचणगावले. बायको गेली. पोरं परदेशात. कोणाशी बोलत नाईत म्हणतात."

शेवटचं वाक्य मॅडमनी बोलायला नको होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघी पुलगावच्या बसमध्ये होतो.

गार्डकाकांचं घर नाचणगावच्या टोकाला होतं. दार त्यांनीच उघडलं. ऐंशीच्या आसपासचे, ताठ. "कोण पाह्यजे?"

"मी रेवदंड्याची. आपल्यातलीच आहे."

त्यांनी तिला नखशिखांत पाहिलं. "आपल्यातलं आता काही उरलं नाई पोरी. मी रिटायर झालो तेव्हा सगळ्यातूनच रिटायर झालो. बसा. चहा पिऊन जा."

दुसरं कोणी असतं तर उठलं असतं. ही बसली. काका आत चहा करत होते, आणि ही भिंतीकडे बघत शुक्रवारी म्हणायचं ते गाणं हळूच गुणगुणायला लागली. आतून आवाज आला, "चुकलं." तिने पुन्हा म्हटलं. "परत चुकलं. तिथं सूर वर न्यायचा नाई." तिसऱ्यांदा चुकल्यावर काका हातात सांडशी घेऊन बाहेर आले आणि दारात उभं राहून त्यांनी ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. आत चहा उतू गेला. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "मुद्दाम चुकली ना तू?" ती म्हणाली, "नाही गं. मला खरंच तेवढंच येतं."

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी काकांचा फोन यायचा आणि तिचा सूर तपासला जायचा. मेणबत्त्यांची जागा मॅडमनीच ठरवली, मेसच्या दगडी ओट्यावर, बाजूला पाण्याची बादली ठेवून. आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, त्यांच्यातला झाडांचा सण आला तेव्हा, काकांच्या घरी मलिदा करायचं ठरलं. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वरून फळं मांडायची आणि एलियाहू नबी या त्यांच्या प्रेषिताची आठवण काढायची. आम्ही आठ जणी आणि मॅडम, सगळ्या गेलो. संत्री, पेरू, बोरं, केळी यांनी ताट भरलं. काकांनी पेटीतून टोपी काढून घातली. प्रार्थना झाली. मग ते बायकोच्या फोटोकडे वळले.

"ही गेली त्याले बारा वर्षं झाली," ते म्हणाले. "गेलेल्या माणसासाठी एक प्रार्थना असते आमच्यात, कद्दीश. एकट्यानं म्हणता येत नाई. दहा पुरुष हजर लागतात, आमेन म्हणायले. इथं दहा कुठून आणू? म्हून राह्यलीच ती."

त्यांनी आमच्याकडे बघत मोजलं. आठ मुली, मॅडम, आणि ते स्वतः.

"दहा तर आहेत," काका म्हणाले. "आता पुरुष नाईत हे खरं. पण आमचा देव म्हातारा झाला असन. दुरून त्याले काय एवढं नीट दिसत नसन."

 माझ्या रूममेटला नियम आमच्यापेक्षा जास्त माहीत होते. ती उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. काकांनी कद्दीश म्हटला. मध्ये एकदा ते अडखळले, तेव्हा तिने पुढचा शब्द लावून दिला. आम्ही जिथे जिथे ती मान हलवायची तिथे आमेन म्हणत होतो, आणि मॅडमचा आवाज सगळ्यांत मोठा होता. कद्दीश संपला. मग कारंज्याची मुलगी हळूच म्हणाली, "आमच्याकडेही गेलेल्या माणसासाठी गाणं म्हणतात. म्हणू?" काकांनी टोपी तशीच ठेवली आणि म्हणाले, "म्हण पोरी." तिने गोंडीत म्हटलं. एक शब्द कोणाला कळला नाही. काका खाली बसून, डोळे मिटून ऐकत होते.

आता या सगळ्याला पाच-सहा वर्षं झाली. कारंज्याच्या मुलीने आर्वीला दुकान टाकलं, मी हिंगणघाटला एका मेडिकलमध्ये बसते. महिन्यातून एकदा नाचणगावला जाते, काकांच्या गोळ्या पोचवते, आणि काका मला न विचारता सूर शिकवतात. माझी रूममेट ठाण्याला औषधांच्या कंपनीत लागली. मागल्या वर्षी एका कामासाठी मी तिकडे गेले तेव्हा तिच्याकडेच उतरले. शुक्रवार होता. ती मला सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनाघरात, घेऊन गेली. काचेच्या हंड्या, चकचकीत बाकं, पुरुष दहाचे तिप्पट. आमेन म्हटलं की भिंती घुमायच्या. मी तिच्या कानात म्हटलं, "आता तुले कसलीच कमी नाई व."

"हो ना," ती म्हणाली. "इथे सगळं आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात. मला कोणाला बोलवावंच लागत नाही."

ती हे आनंदाने म्हणाली, आणि मी ते तसंच धरलं. पण प्रार्थना चालू असताना मी दोन-तीनदा तिच्याकडे पाहिलं. उशिरा येणारं कोणी ना कोणी अधूनमधून दार लोटत होतं, आणि दर वेळी ती मान वळवून बघत होती. आलेलं माणूस ओळखीचं निघालं की हलकेच हसायची आणि पुन्हा समोर बघायला लागायची.