बोटभर वर धरलेला हात

सुशीला गेल्याचं सांगायला तिचा भाऊ आनेकलहून सकाळच्या पहिल्या बसनं आला. दारातच म्हणाला, "इंदूअक्का, आमची सुशीअक्का गेली. दोन दिवसांचा ताप, बस." आणि मी त्याला काय विचारावं? कॉफी घेणार का! पाच आठवडे झाले, अजून त्याची लाज वाटते… पण सुशीलाच्या बाबतीत मला लाज वाटावी अशी ही काही पहिली गोष्ट नव्हे.

एकोणीसशे पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल. बेंगळूरच्या एका मोठ्या इस्पितळात आम्ही नर्सिंग शिकत होतो. वर्गात घरी मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे होस्टेलात खोली एक, तेलाची बाटली एक आणि रुसवेफुगवे मात्र रोज नवे. शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला की मेट्रनबाई गुणांच्या क्रमानं एकेकीला आत बोलवायच्या आणि नोकरी कुठल्या वॉर्डात हवी ते विचारायच्या. एकदा सांगितलं की सांगितलं. आमची पाळी येईतो दोनच जागा उरणार हे दिसत होतं : मुलांचा वॉर्ड आणि भाजलेल्यांचा. माझे गुण तिच्याहून चारच जास्त, म्हणून आधी मी.

सुशीलानं आईवेगळी तीन भावंडं वाढवली होती. तिला पहिल्या वर्षापासून मुलांच्याच वॉर्डाचा ध्यास. उरल्यासुरल्या लोकरीच्या टोप्या विणून ती तिथल्या पोरांना घालायची. आदल्या संध्याकाळी मीच ऐटीत म्हटलं, "तू मुलांकडं जा गं. मी जाते भाजलेल्यांकडं. मला कुठं भीती वाटते?" तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले, बराच वेळ सोडले नाहीत.

मेट्रनबाईंची खिडकी भाजलेल्यांच्या वॉर्डाकडं उघडायची. दहा वाजले होते, पट्ट्या बदलायची वेळ. स्टोव्हच्या भडक्यात सापडलेली कुणी बाई "बेडा अक्का, बेडा…" म्हणत होती, नको, नको. मेट्रनबाईंनी विचारलं आणि मी म्हणाले, "मुलांचा."

बाहेर आले. सुशीलानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. "सरी," बरं, एवढंच म्हणाली, पदर नीट केला आणि आत गेली.

दीड वर्षात माझं लग्न झालं, नोकरी सुटली. तिची हिसकावलेली जागा मी धड वापरलीही नाही. ती मात्र नोकरी संपेपर्यंत भाजलेल्यांच्याच वॉर्डात राहिली. पुढं नियम सैलावले, बदली मिळत होती. पण "त्या बायका माझ्या हाताला सरावल्यात गं," म्हणाली.

भाजलेल्या माणसाला स्पर्श सोसत नाही. म्हणून ती त्यांच्या कपाळाच्या बोटभर वर तळवा धरायची, नुसती ऊब लागेल इतका. मग तिला ती सवयच जडली. माझ्या मुलांच्या डोक्यावरही तिचा हात असाच वर थांबायचा. मागच्या दिवाळीत ती शेवटची आली, तेव्हा मी धीर करून म्हणाले, "सुशी, त्या दिवशी मेट्रनबाईंच्या खोलीत मी…" तिनं माझ्या हातावर तळवा धरला. बोटभर वर. "स्वल्प कॉफी कर गं," म्हणाली. ती माफी होती की नुसती सवय, हे विचारायला मी पुन्हा घाबरले.

आता दुपारी स्टोव्ह विझवून आडवी झाले की कपाळावर ऊब जाणवते. मी डोळे मिटून पडून राहते, श्वाससुद्धा बेतानं घेते. एकदा तरी टेकव गं, म्हणते… हात तेवढाच वर राहतो.