भांगेचा चुलतभाऊ

जगात दोन वेगळ्या वस्तू सुखाने वेगळ्या राहू शकतात, हे मान्य नसलेला एकच माणूस मी पाहिला: कामरगावात माझ्या शेजारी राहणारे कलमवाले चाचा. धंदा संत्र्याची कलमं बांधायचा. पण हात मोकळे असले की ते मोडक्या चष्म्याला काडी, खाटेच्या पायाला कुऱ्हाडीचा दांडा आणि अबोला धरलेल्या भावाला भाऊ जोडत बसत. सत्तरच्या दशकात मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला गेलो. माझी एम.एस्सी. नवीकोरी होती, आणि ती कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला जेवण पचत नसे. एकदा चाचांच्या ओट्यावर मी सांगून बसलो, की बियरला कडूपणा आणणारा हॉपचा वेल आणि आपली भांग एकाच कुळातली.

"मंग हे चुलतभाऊच झाले ना, सर! कलम काहून नाही जमन?"

"जमेल की," मी म्हणालो. मी आयुष्यात गुलाबाचंही कलम बांधलेलं नव्हतं. वर ठोकून दिलं, की भांगेची नशा खोडातून चढून हॉपच्या पानात येईल.

चाचांचा जावई काश्मीरात फौजेत होता. हिवाळ्यात सुटीवर येताना त्याने ओल्या फडक्यात हॉपचे दोन कोंब आणले. चाचांनी बांधावरच्या भांगेला खाच पाडून ते बसवले. एक वाळला, दुसरा चक्क जगला. त्याला तीन पानं फुटल्यावर नशा तपासणं आलं.

"मी नमाजी मानूस. तुमीच चाखा, सर," म्हणत चाचांनी पानाचा काढा पुढे केला. आंबट लागला, मी त्याला 'रासायनिक बदल' म्हणालो. पाच मिनिटांत जमीन डोलू लागली. समोरचा कडुनिंब माझ्याशी अदबीने बोलतो आहे, असं मी जाहीर केलं आणि जमलेल्या दहा-बारा लोकांना तासभर वनस्पतींची कुळं समजावली. लोक पांगल्यावर चाचा कानाशी वाकले.

"सर, थे पान अंबाडीचं व्हतं. तीनच पानं हायत लेकराले. तोडवलं नाही मले."

अंबाडीची भाजी मी आठवड्यातून तीनदा जेवत होतो.

पुढे ऊन तापलं. चाचांनी कलमाभोवती ओली पोती लावली, भर दुपारी स्वतः छत्री धरून बसले. तरी वेल सुकत गेला. शेवटचं पान गळालं त्या दिवशी मी गेलो, तर ते तिथेच मांडी घालून बसले होते.

"सर, त्याले तिकडची याद येत असन काय?"

झाडाला मेंदू नसतो, त्याला थंड हवा लागते, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी त्यांच्याजवळ बसलो.

"येत असेल, चाचा," मी म्हणालो.

सबंध नोकरीत मी दिलेल्या उत्तरांपैकी तेवढं एक मला अजूनही खोडावंसं वाटत नाही.