चौथी टाचणी

नगरपालिकेच्या कचेरीत त्यांना सगळे टाचणीकाका म्हणत. हुद्दा शिपायाचा, पण एकतीस वर्षं सभेची प्रत्येक नोटीस फलकावर त्यांनीच लावली होती. नियम त्यांना मुखोद्गत होता: लावल्याचा दिवस सोडायचा, सभेचा दिवस सोडायचा, मधे पूर्ण तीन दिवस हवेत. साहेब बदलत, नियम विसरत. काका बोटांच्या पेरांवर मोजून सांगत. तीन कोपऱ्यांना तीन टाचण्या, मग घड्याळाकडे बघून चौथी. तीच वेळ कार्यालयाच्या प्रतीवर, खाली सही.

त्या सोमवारी बाहेरच्या भिंतीला रंग द्यायला घेतला होता. फलक उतरवून रेकॉर्ड रूममध्ये भिंतीला टेकवून ठेवलेला. नोटीस आली. काका रेकॉर्ड रूममध्ये गेले, धुळीत गुडघे टेकले, चार टाचण्या लावल्या. साडेदहा. सही केली, गुडघे झटकले. मनात काही आलं नाही. इतकी वर्षं त्यांनी फलक पाहिला होता, फलकासमोर उभं राहणाऱ्यांकडे कधी मान वळवली नव्हती.

शुक्रवारी अकराला सभा. साडेनऊला ते सभागृहात खुर्च्या लावत असताना नाल्यापलीकडची शिवणकाम करणारी बाई दारात आली.

"काका, सभा आहे आज?"

"मग काय, नाच आहे? नोटीस सोमवारपासून लागलीय."

"कुठं?"

काकांनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

रेकॉर्ड रूममध्ये ती उकिडवी बसून नोटीस वाचत गेली. सातवा विषय: नाल्यावरचा पायी जायचा पूल पाडणे. पूल गेला की तिला, तिच्या गिऱ्हाइकांना, शाळेच्या पोरांना लांबच्या रस्त्याने पाऊण तासाचा वळसा.

"मंगळवारी आले, काल आले," ती म्हणाली. "रंगारी म्हणाले, सध्या काही लागत नाही. ओली भिंत बघून गेले मी."

तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर काकांना सोपं गेलं असतं.

सभेआधी हेडक्लार्कने कागद पुढे सरकवला. 'नोटीस दर्शनी जागी लावली होती.' खाली सहीची जागा.

"साहेब, ही सही होणार नाही."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "फलकावर लावलीत ना?"

"लावली."

"मग खोटं काय त्यात?"

"फलक खरा आहे, साहेब. जागा खोटी आहे."

हेडक्लार्क कानाशी लागला. "अहो काका, निवृत्तीला दोन महिने राहिलेत. कशाला जाता जाता डाग लावून घेता?"

"डाग लागलाय. सही केली की दोन होतील."

त्यांनी कोरा कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: नोटीस रेकॉर्ड रूममध्ये लावली, लोकांना दिसत नव्हती, चूक माझी. सभा तहकूब झाली. सेवापुस्तकात पहिला लाल शेरा पडला.

"एकतीस वर्षांत एक चूक केलीत," घरी बायको म्हणाली, "तीसुद्धा स्वतःच्या हातानं लिहून दिलीत!"

"अक्षर बरं आलं होतं."

"चौकटीत लावून ठेवा!" ती म्हणाली, पण पाण्याचा तांब्या तिनेच आणून दिला.

नवी नोटीस निघाली तेव्हा रंग अजून ओलाच होता. काकांनी फलक एकट्याने ओढत बाहेर आणला आणि पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्याला वळसा घालावा लागेल असा उभा केला. तीन टाचण्या लावल्या. शिवणकामवाली पलीकडच्या आठदहा जणांना घेऊन आली होती. ती बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली, मागची एक म्हातारी म्हणाली, "सावकाश गं बाई, मला ऐकू येत नाही."

पहिला विषय, दुसरा, तिसरा. काका चौथी टाचणी चिमटीत धरून बाजूला उभे होते, लोकांच्या तोंडांकडे बघत. सातवा विषय वाचून झाला, म्हातारीसाठी पुन्हा एकदा झाला. मग त्यांनी चौथी टाचणी दाबली आणि घड्याळ पाहिलं.