फडकं नेणाऱ्या बाई

शिळफाट्यावर आमची वड्यांची गाडी आहे. अन्नातल्या जंतूंचा अभ्यास करणाऱ्या एक बाई तिथे आल्या. त्यांनी वडा मागितलाच नाही. कापसाच्या काडीने सुरी पुसली, चमचाभर चटणी बाटलीत घेतली आणि आमचं ओलं फडकं तान्ह्या बाळासारखं अलगद पिशवीत ठेवलं.

"करणी करतेय गं ही," सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "धंदा बसवणार आपला."

आठवड्याने बाई परत आल्या. "मावशी, खोपोलीत नसेल एवढी वस्ती तुमच्या फडक्यात आहे. रोज उकळा, नाहीतर गिऱ्हाइकांची पोटं बिघडतील."

"ऐकलंस? करणारणीनंच उतारा सांगितला!" सासूबाई मला म्हणाल्या. मला जंतू दिसले नव्हते, त्यांना करणी दिसली नव्हती. पण दोन्हींच्या भीतीने फडकं रोज उकळू लागलं.

परवा बाईंनी पुन्हा तपासलं. "एकदम स्वच्छ!" त्यांचे डोळे भरून आले. "बाकीच्यांना समजावून माझा घसा बसला, कुणी ऐकत नाही. तुम्हीच ऐकलंत."

मी खाली मान घालून वडे तळत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "त्यांचं पण फडकं न्या की. मग कशी नाय ऐकत बघा."

"खरंच की!" म्हणत बाई शेजारच्या मिसळवालीकडे वळल्या.

"बिचारी," मिसळवालीकडे बघत सासूबाई म्हणाल्या.