साडूंचे अपुरे पत्ते

माझ्या साडूंना मी तेहतीस वर्षं ओळखत होतो. ओळखत होतो म्हणजे काय, तर त्यांना चहात साखर जास्त लागायची, जेवण झालं की बसल्या जागी डुलकी यायची आणि त्यांचं बोलणं बहुतेक वेळा माझी मेहुणीच पूर्ण करायची. एवढंच. ते जाऊन चार महिने झाले. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही भाषेचे मास्तर. त्यांच्यावर दोन पानं लिहून द्या." मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं, स्वतः फारसं काही लिहिलं नाही. जमेल तसं लिहितो.

साडू म्हणजे एकाच परीक्षेला बसलेले दोन विद्यार्थी, आणि निकाल सासूच्या हातात. आमच्या परीक्षेत मी कायम पहिला होतो. मी एम.ए., शाळेत शिक्षक. ते टपाल खात्यात पत्रं वेगळी करायचे. ज्या पत्रांचा पत्ता धड नसायचा, ती शेवटी त्यांच्या टेबलावर यायची. "शिंप्याच्या वर." "जिथे पूर्वी दवाखाना होता त्याच्या मागे." असली पत्रं ते घरी पोचवायचे, आणि त्याचे किस्से आम्हाला जेवताना ऐकवायचे. मी ऐकल्यासारखं करायचो.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, असंच जेवताना, ते म्हणाले, "मी पीएचडीची प्रवेश परीक्षा पास झालो."

"कशात?" मी विचारलं.

"भाषाशास्त्रात. एम.ए. केलं होतं ना मी, नोकरीत असताना. बाहेरून."

हे मला माहीतच नव्हतं. माझ्या बायकोलाही नव्हतं, पण ती लगेच म्हणाली, "बघा! आणि तुमचं मात्र राहूनच गेलं." माझं राहिलं होतं हे खरं. सव्विसाव्या वर्षी मी नाव नोंदवलं होतं. चौदा महिने पहिलं प्रकरण खोडत बसलो आणि सोडून दिलं. त्या संध्याकाळी मी भात तसाच टाकून उठलो.

आता फक्त समितीसमोर आराखडा मांडायचा राहिला होता. समितीने मान्य केला तरच प्रवेश. साडू तो आराखडा घेऊन माझ्याकडे आले. "तुमच्या नजरेखालून गेला की मला धीर येईल," म्हणाले. मी लाल पेन घेतलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या एक्केचाळीस चुका काढल्या, आणि प्रत्येक चुकीला मला बरं वाटलं. शीर्षक होतं 'अपुऱ्या पत्त्यांचा अभ्यास'. ते वाचताक्षणीच माझ्या डोळ्यांपुढे चौकट, बदाम, इस्पिक आणि किलवर आले. समितीच्याही येणार. मी पेनाला टोपण लावलं.

"शीर्षक ठीक आहे?" त्यांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हणालो.

आराखडा मांडायच्या दिवशी सोबत म्हणून मी विद्यापीठात गेलो. खरं सांगायचं तर बघायला गेलो. दाराबाहेरच्या बाकावर बसलो. बाजूने जाणारी मुलं त्यांना प्राध्यापक समजून वाट देत होती, मला मात्र कोणी देत नव्हतं. ते आत गेले आणि मिनिटभरात आतून हशा ऐकू आला. मला लाज वाटायला हवी होती. पण मी बाकावर जरा सैल होऊन बसलो. मग शांतता. मग पुन्हा हशा, पण हा वेगळा होता. यात साडूंचा आवाजही होता.

अर्ध्या तासाने ते बाहेर आले. चेहरा लाल झालेला.

"अहो, सुरुवातीलाच एक सर म्हणतात, 'तुमच्या कॅटमध्ये किती पत्ते कमी आहेत?' सगळे हसले."

"मग?"

"मग म्हटलं, सर, माझं दुखणं हेच आहे. शब्द बरोबर असतो, पण वाचणारा भलत्याच घरी पोचतो."

आराखडा मंजूर झाला. शीर्षकात 'टपालातील' हा एक शब्द वाढला, बस्स. मी अभिनंदन केलं.

जिना उतरताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याही लक्षात आलं नाही का हो?"

"नाही बुवा," मी म्हणालो.

"कमाल आहे! तुमच्यासारख्या माणसाच्याही?" ते पायरीवरच थांबले, आणि खूश दिसले.

महिन्याभराने त्यांनी मला त्यांची जागा दाखवायला नेलं. संशोधक विद्यार्थ्यांच्या खोलीत खिडकीजवळ टेबल, त्याला किल्लीचा खण. तो खण पाहूनसुद्धा मी जळलो. आत टिपणांची कार्डं उभी लावलेली होती. सगळ्यांत पुढचं त्यांनी माझ्या हातात दिलं. अक्षर टपाली, सुटं सुटं. 'पत्ते: दुहेरी अर्थ. एका अनुभवी भाषाशिक्षकाने आराखडा बारकाईने तपासला, तरी दुसरा अर्थ लक्षात आला नाही. म्हणजे संदर्भ माहीत असलेल्या वाचकाला संदिग्धता दिसत नाही.'

"मॅडमना फार आवडलं," ते म्हणाले. मॅडम म्हणजे त्यांच्या मार्गदर्शक, वयाने माझ्या मुलीएवढ्या.

माझी थाप त्यांच्या संशोधनात जाऊन बसली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "अक्षर छान आहे."

पुढचे पाच महिने मी स्वतःला समजावत राहिलो की एका कार्डाने काय होतं. शेवटी एका मंगळवारी, दुपारी, खरं सांगायचं ठरवून फोन लावला. गुरुवारी ते गेले, म्हणून ते बोलणं मला शब्दशः आठवतं.

"बोला साडूभाऊ! बरं झालं फोन केलात. पहिलं प्रकरण आज मॅडमना दिलं. सुरुवातच तुमच्या उदाहरणाने केलीय."

"माझ्या?"

"नाव नाही घातलं, घाबरू नका. ताई काय म्हणतात?"

"बरी आहे. गुडघा दुखतोय तिचा."

"शेकायला सांगा. तुमचं काही काम होतं का?"

"नाही, सहज केला."

"मग ठेवू? ग्रंथालयात पुस्तक परत करायचंय, आज शेवटची तारीख."

"ठेवा, ठेवा. जाऊन या."